थेट विमान, मधे बदल की वाटेत मुक्काम? साठीपुढच्या दोघांसाठी

परदेशात चार-सहा महिने राहायला जायचं ठरलं की पहिली खडाजंगी तिकिटावरून होते. हे म्हणतात, "एकदाच बसू, एकदाच उतरू." मी म्हणते, सोळा तास एका खुर्चीत बसून दाखवा आधी. आम्ही तिन्ही प्रकार करून पाहिलेत, त्यामुळे आता निदान भांडण तरी माहितीवर होतं.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा, ती म्हणजे एकूण तासांची बेरीज. आठ दिवसांच्या सहलीला निघालेल्याने तास वाचवावेत. राहायलाच जाणाऱ्याचा एक दिवस वाटेत गेला म्हणून काय बिघडतं? पाहायचं ते एवढंच, की पोचल्यावर अंगात किती त्राण उरतं. कारण जाताना बॅगा भरलेल्या असतात, इमिग्रेशनची रांग पुढे असते आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला डोकं ठिकाणावर लागतं.

थेट विमानाची बाजू भक्कम आहे. सुरक्षा तपासणी एकदा, कानात दडे एकदा, आणि चुकायला दुसरं विमानच नाही. ज्याला गर्दीत गोंधळायला होतं किंवा ऐकू कमी येतं, त्याच्यासाठी हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो. आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. विमानात हवेचा दाब जमिनीसारखा नसतो, डोंगरावर असतो तितका विरळ असतो. बऱ्याच जुन्या विमानांत तो ८,००० फुटांवरच्या हवेच्या जवळपास जातो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये तो साधारण ६,००० फुटांइतका ठेवतात, आणि फार लांबची थेट उड्डाणं बहुधा अशाच नव्या विमानांची असतात. हृदयाचं किंवा फुफ्फुसाचं दुखणं असेल तर हा फरक जाणवू शकतो. तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा, तिकीट काढल्यावर नव्हे.

तोटा एकच, पण मोठा: वेळ संपता संपत नाही. पर्थ–लंडन सुमारे १७ तास, सिंगापूर–न्यूयॉर्क १८ तासांच्या वर. आमच्या थेट प्रवासात दहाव्या तासापर्यंत सगळं छान होतं. उतरायच्या वेळी ह्यांच्या पायात बूट शिरेनात. शेवटी लेस पूर्ण उपसून काढली, ती माझ्या पर्समध्ये टाकली आणि हे जिभा लोंबणारे बूट फरफटत इमिग्रेशनला उभे राहिले. तेव्हापासून एक माप मोठे, बिनलेसचे बूट.

पाय सुजले म्हणून घाबरायचं नसतं, पण रक्ताच्या गुठळीचं भान हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा जास्त प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो ६,००० प्रवाशांत एक इतकाच. मग मधे उतरलं की प्रश्न मिटला, असं मलाही वाटायचं. तसं नाही. थोड्या दिवसांत पाठोपाठ प्रवास केले तर धोका वाढतो, असं तोच अभ्यास सांगतो. म्हणजे विमान बदलून गुठळी टळत नाही. टळण्याची शक्यता वाढते ती उठून फिरल्याने, पोटऱ्या हलवल्याने आणि डॉक्टरांनी सांगितले असतील तर घट्ट मोज्यांनी.

आता विमानबदल. यात पाय मोकळे होतात हे खरं, पण कधीकधी जरा जास्तच. मोठ्या विमानतळावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दमछाक होते. दीड तासाचा बदल कंपनी खुशाल विकते, पण तो हिशेब तुमचे गुडघे पाहून केलेला नसतो. तीन-चार तास असतील तरच घ्या. आणि दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर हवीत. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं मग कंपनीच्या गळ्यात पडतं. स्वस्तात पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत तर विमानही तुमचं चुकतं आणि पैसेही तुमचेच जातात. अमेरिकेतून पुढे जाणार असाल तर नुसत्या बदलासाठीही तिथलं इमिग्रेशन पार करावं लागतं, त्यामुळे व्हिसाचं आधी पाहा.

व्हीलचेअर निदान ४८ तास आधी मागून ठेवा. मागताना नेमकं सांगा: लांब चालवत नाही पण जिना चढता येतो, की जिनाही जमत नाही, की आसनापर्यंत न्यावं लागेल. सोय उत्तम आहे, फक्त खुर्चीत बसलं की माणसाचं सामान होतं. बदलाच्या एका विमानतळावर ह्यांना खुर्च्यांच्या रांगेत लावून मदतनीस जो गेला, तो पाऊण तास फिरकला नाही. ह्यांना जायचं होतं बाथरूमला. ब्रेक कुठला ते शोधत मीच ढकलत नेलं.

तिसरा प्रकार, रात्रीचा मुक्काम. लोक याला चैन समजतात. मला विचाराल तर लांब राहायला जाणाऱ्यांनी आधी याचाच विचार करावा. आडवं होऊन सहा तास झोप मिळाली की दुसरं विमान नव्याने सुरू केल्यासारखं वाटतं. शिवाय पोचायची वेळ निवडायला वाव राहतो. संध्याकाळी पोचणारं निवडलं की जेवायचं आणि झोपायचं, दिवसभर डोळे ताणत बसायला नको. पूर्वेकडे जाताना तर हे पाहाच, कारण तिकडे शरीराचं घड्याळ जुळायला जास्त त्रास होतो. साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस धरा.

सिंगापूरच्या चांगी, तसंच दोहा आणि इस्तंबूलच्या विमानतळांवर इमिग्रेशन न ओलांडता राहता येतं, अशी हॉटेलं आत आहेत. पण थेट पुढे पाठवलेल्या बॅगा त्या रात्री हाती लागत नाहीत. गोळ्या, इन्सुलिन, रात्रीचे कपडे, चष्मा सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. मुक्काम २४ तासांच्या आत बसवा. त्यापुढे तो नुसता बदल धरत नाहीत आणि भाडं वाढू शकतं.

मग निवडायचं कसं? दोघांपैकी ज्याची प्रकृती नाजूक, त्याच्या मापाने. सरासरी काढू नका. गोंधळ, विसराळूपणा किंवा श्वासाचा त्रास असेल तर थेट. पाठ धरते, झोप लागत नाही, वारंवार उठावं लागतं, असं असेल तर मुक्काम. बदल घ्यायचा तो दोघंही चालते असतील तेव्हा, किंवा पैशांचा फरक खरंच डोळ्यांत भरत असेल तेव्हा. आणि 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्याला दोनदा विचारा.

आसनांवरून मात्र आमचं अजून मिटलेलं नाही. ए३३० सारख्या विमानात बहुधा दोन-चार-दोन अशी रांग असते. कडेची दोन आसनं घेतली की तिसरा कुणी शेजारी येत नाही. पुढच्या खेपेला तीच घेतलीत, मधे एक रात्र मुक्काम ठेवून. ह्यांना खिडकी हवी होती. मी ठाम नाही म्हटलं. रात्रीतून चार वेळा उठणारा माणूस खिडकीशी बसला की त्याला वाट करून द्यायला एकच जण असतो, आणि ती मी.