ऑक: आकड्यांच्या रकान्यांसाठी अव्वल, मराठी अक्षरांसाठी जरा जपून

ऑक (awk) ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट आहे, लिनक्स आणि मॅकवर बहुतेक वेळा आधीपासूनच असते, आणि तरीही आमच्या दूध संघातल्या संगणक विभागात तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. (विभाग म्हणजे मी, एक मदतनीस मुलगा आणि उन्हाळ्यात तापणारा सर्व्हर.) आता रोज सकाळचं पहिलं काम तिच्यावरच होतं, म्हणून हे परीक्षण.

काम असं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध घातलं की तिथल्या फाइलीत एक ओळ पडते: केंद्र क्रमांक, उत्पादक क्रमांक, पाळी, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). सात रकाने, मध्ये मोकळी जागा. दोन्ही पाळ्यांच्या मिळून हजारो ओळी होतात. त्या अजून नीट जमल्याही नसतात तोवर साहेबांचा फोन येतो, "मॅडम, कुठल्या केंद्राचं फॅट पडलंय, तेवढं बघा की."

एक्सेलमध्ये हे होत नाही असं नाही. पण सगळ्या फाइली उघडा, एकाखाली एक चिकटवा, पिव्होट (गटवार बेरजांचा तक्ता) काढा, आणि एक्सेलनं ०४२ हा उत्पादक क्रमांक परस्पर ४२ केलाय का ते तपासा. ऑक असल्या उचापती करत नाही. रकान्यातलं ०४२ हिशोबात घेतलं तर आकडा, आणि यादीची खूण म्हणून वापरलं तर पुढच्या शून्यासकट तसंच्या तसं.

ती फाइल एकेक ओळ वाचते आणि रकाने स्वतःच पाडते. पहिला रकाना $1, सहावा $6, अख्खी ओळ $0. आपण फक्त अट आणि कृती सांगायची. कृती सांगितली नाही, तर अटीत बसणारी ओळ ती छापते. त्यामुळे खालची एक ओळ म्हणजे पूर्ण प्रोग्राम आहे, फॅट साडेतीनच्या खाली गेलेल्या सगळ्या नोंदी दाखवणारा:

$6 < 3.5

ना आधी काही जाहीर करायचं, ना फाइल उघडायची-मिटायची. मी मात्र सगळ्यात आधी चालवते ती याहून साधी तपासणी. एनएफ (NF) म्हणजे त्या ओळीतल्या रकान्यांची संख्या. ती सात नसेल तर ओळ दाखव, इतकंच. वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेल्या नोंदी तिथेच सापडतात.

एकच फाइल दोनदा आली तर हे:

!_[$0]++

दिसायला कीबोर्डवरून मांजर चाललेलं दिसतं, पण अर्थ सरळ आहे. खालच्या रेघेच्या नावाची एक यादी, तिच्यात अख्खी ओळ हीच खूण. ओळ पहिल्यांदा आली की तिच्यापुढे काहीच नसतं, म्हणजे शून्य. उद्गारचिन्हानं ते उलटं होतं आणि ओळ छापली जाते. मग आकडा एकनं वाढतो, आणि तीच ओळ पुन्हा आली की गाळली जाते.

ही यादी म्हणजेच ऑकचा खरा जीव. केंद्र क्रमांकाची खूण करून एका यादीत लिटर साठवायचे, दुसऱ्या यादीत लिटर गुणिले फॅट, आणि फाइल संपल्यावर दुसरीला पहिलीनं भागायचं. फॅटची सरासरी अशीच काढावी लागते. नुसती फॅटची बेरीज करून नोंदींनी भागलं तर दोन लिटरवाला आणि वीस लिटरवाला एका मापात येतात. हे सगळं तीन ओळींत बसतं. निकाल मात्र कुठल्याही क्रमानं बाहेर पडतो, म्हणून शेवटी क्रम लावणारी सॉर्ट ही कमांड जोडायची. साहेबांना उत्तर फोन चालू असतानाच मिळतं.

आता खोडी. पैशांची बेरीज साध्या प्रिंटनं छापू नका. रक्कम ४८२३५१७.५० असेल तर ऑक ४.८२३५२ लिहून पुढे ई अधिक शून्य सहा असं काहीतरी दाखवते, कारण अपूर्णांक असलेला आकडा ती मुळात सहाच अंकांत छापते. प्रिंटएफ (printf) वापरून दोन दशांश स्थळं मागायची, की प्रश्न मिटला. दुसरी खोडी विंडोजवरून आलेल्या फाइलींची. त्यांच्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह असतं आणि ते शेवटच्या रकान्याला चिकटतं. शेवटच्या रकान्यात शब्द असेल तर तो डोळ्यांना बरोबर दिसतो, पण तुलनेत जुळत नाही. सुरुवातीलाच ते काढून टाकावं.

मराठीचा मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण यावर कुणी बोलत नाही. ऑक एक नाही, अनेक आहेत. उबुंटूवर मुळात मिळते ती एमऑक: चपळ, पण अक्षरांऐवजी बाइट (साठवणीचे तुकडे; देवनागरीच्या एका चिन्हाला तीन) मोजणारी. 'म्हैस' या शब्दाची लांबी ती पंधरा सांगते. ग्नू प्रकल्पाची जीऑक पाच सांगते, कारण ती म, हलन्त, ह, मात्रा आणि स वेगवेगळे धरते. आपल्याला दिसतात दोनच अक्षरं. परिणामी मराठी नावांचा रकाना ठराविक रुंदीत छापला की पुढचे सगळे रकाने नागमोडी होतात. मी नाव शेवटच्या रकान्यात टाकते आणि मोकळी होते. शिवाय देवनागरी आकडे तिच्या लेखी आकडेच नाहीत: ४२ मध्ये एक मिळवला तर उत्तर एक येतं. सभासद नोंदवही मराठी आकड्यांत असेल तर आधी दहाही अंक बदलून घ्यावे लागतात.

भाषा १९७७ची, बेल लॅब्जमधली. अल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं. मूळ ऑकमध्ये युनिकोडची (सगळ्या लिपींची अक्षरं ओळखण्याची) सोय कर्निगन यांनी स्वतः केली, तीही वयाच्या ऐंशीच्या सुमारास. आमच्याकडे साठीनंतर पासवर्ड बदलायलाही नातू लागतो. २०२३ मध्येच स्वल्पविरामवाल्या सीएसव्ही फाइली नीट वाचण्याची सोय मूळ ऑकमध्ये आणि जीऑक ५.३ मध्ये आली. त्याआधीच्या आवृत्तीत अवतरणचिन्हांतलं 'पाटील, शांताबाई' दोन रकान्यांत फुटतं, तेव्हा आवृत्ती बघून घ्या. विंडोजवाल्यांनी गिट बॅश (विंडोजवर लिनक्ससारख्या कमांड चालवणारा प्रोग्राम) टाकलं की जीऑक त्यासोबतच येते.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो उत्पादकांच्या दहा दिवसांच्या दूध बिलामुळे. ते मी ऑकमध्ये करत नाही आणि कुणी करूही नये. चलाचं (म्हणजे आकडा साठवायच्या जागेचं) नाव लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ऑक तक्रार करत नाही. नवीन चल समजून त्याची किंमत शून्य धरते आणि पुढे जाते. जीऑकमध्ये लिंट नावाचा पर्याय अशा जागा दाखवतो, पण तो आपण मागितला तरच. यादी छापताना हे चालून जातं, उत्पादकाच्या पैशांत नाही. बिल डेटाबेसमधूनच निघतं. ऑककडून मी त्याच फाइलींची केंद्रवार बेरीज वेगळी काढून घेते, आणि दोन्ही जुळल्याशिवाय बँकेची यादी पुढे पाठवत नाही.