नारळाच्या सोडणाच्या (वरच्या जाड सालीच्या) मशीनच्या ‘बायबॅक’ला भुलू नका, माझे ५,९९,८०० रुपये गेले

लिहू की नको करत सहा महिने गेले. गावात अजून अर्ध्या लोकांना वाटतंय की मशीन बिघडलंय म्हणून बंद आहे, आणि खरं सांगते, मीच तसं सांगितलंय सगळ्यांना, लाजेने. पण परवा नात्यातल्या एका मुलीचा फोन आला, “काकी, तुम्ही ते काथ्याचं मशीन घेतलंत ना, मी पण नोंदणी करतेय, ५,१०० भरू का?” तेव्हा पोटात गोळाच आला. तिला नको सांगितलं, पण अशा अजून किती असतील. म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव इथे टाकत नाही, केस चालू आहे, वकिलांनी सांगितलंय.

आधी आकडे सांगते. नोंदणी ५,१००. दोन दिवसांचं ट्रेनिंग ११,८००. मशीनचा सेट, म्हणजे सोडणं फोडायचं, भुसा चाळायचं आणि कोकोपीटचे (रोपांना मातीऐवजी वापरतात त्या भुशाचे) ब्लॉक दाबायचं अशी तीन मशीनं मिळून, जीएसटी धरून ४,७२,०००. बायबॅक कराराचं डिपॉझिट ५०,०००. वाहतूक १८,५००. शेड आणि थ्री फेज मीटर ६३,४००. एकूण ६,२०,८००. त्यांच्याकडून परत आले २१,०००. यात दागिने ठेवून काढलेले २,४०,००० आहेत, बचत गटाचं १,००,००० कर्ज आहे, आणि बाकीची आमची एफडी मोडली. आमचे हे एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागतं.

बायबॅक म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मशीन आमच्याकडून घ्या, माल आम्हीच विकत घेतो. असंच सांगून लोकांना फसवून कडकनाथ कोंबड्या झाल्या, वाती झाल्या, अगरबत्ती झाली, इमू तर कधीच झाला. मी स्वतः गटातल्या बायकांना वातींच्या मशीनपासून लांब ठेवलं होतं, चार वर्षांपूर्वी. मग मी कशी फसले? कारण हे सोडण होतं. आमच्याकडे कोकणात नारळ सोलून विकतात आणि सोडणं परसात ढिगाने पडून राहतात, अर्धी बंबाखाली जातात, अर्धी कुजतात, पावसात त्यात पाणी साचून डास होतात. त्यातून काथ्या निघतो, दोरी होते, पायपुसणी होतात, भुशाचं कोकोपीट होतं, नर्सरीवाले घेतात, हे सगळं खरंच आहे. केरळ-तामिळनाडूत त्यावर हजारो बायकांची घरं चालतात. खोट्या धंद्यात मला कोणी फसवलं नसतं, खऱ्या धंद्यात फसवलं. आणि मी काय अडाणी नाही, गटाचा हिशोब सहा वर्षं मीच लिहितेय, एका रुपयाची चूक निघालेली नाही.

आता ती गोष्ट, जी रात्री झोप लागू देत नाही.

ट्रेनिंग घाटावरच्या एका शहरात होतं, हॉलमध्ये. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच स्लाइडवर दाखवलं की सोडणात वजनाने साधारण ३० टक्के धागा आणि ७० टक्के भुसा. बरोबर आहे ते. दुसऱ्या दिवशी “आमचं चालू युनिट” बघायला नेलं. मशीन घरघरत होतं, दोन पोरं उभी होती, समोर सोनेरी लांब काथ्याचा ढीग, आणि खाली फरशी. स्वच्छ फरशी! मी चप्पल काढून आत गेले होते, पायाला काही लागलं नाही. सोडण फोडायचं मशीन रोज चालतं म्हणतात आणि शेडमध्ये भुसा नाही, भिंतीवर धूळ नाही, पोरांच्या केसांत कण नाही! आता माझ्या शेडमध्ये तीनच लॉट निघाले तर कौलांच्या वाशांवर अजून तांबडी धूळ आहे, नाकातोंडात जाते, पाण्याच्या हंड्यात पडते.

आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं पण नाही. मी व्हिडिओ काढून घरी दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा बघितला आणि म्हणाल्या, “गो, सोडणां सोलतत तर भुसो खंय आसा?” त्यांनी तरुणपणी खाडीच्या चिखलात सोडणं पुरून, महिनोंमहिने कुजवून, मोगरीने बडवून सुंभ वळलेलं आहे. त्या असंही म्हणाल्या की हा रंग आपल्या सुक्या सोडणाचा नव्हे, कुजवलेल्या हिरव्या सोडणाचा आहे. म्हणजे तो काथ्या त्या मशीनमधून आलेलाच नव्हता, तयार आणून समोर ओतला होता. आणि मी काय बोलले? “आई, आता टेक्निक बदललंय.” हे वाक्य मी बोललेय. भरलं नव्हतं तेव्हा मशीनचं एक रुपयासुद्धा, चार दिवस बाकी होते.

दुसरं, हिशोब. ब्रोशरवर लिहिलं होतं दिवसाला ८,००० सोडणं. मी नफ्याचा गुणाकार केला, सोडणांचा केला नाही. महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला २४ लाख नारळ होतात. एका माडाला वर्षाला ८० नारळ धरा, म्हणजे ३० हजार माड लागतील. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत मिळून तेवढे माड नाहीत! हे गणित पाचवीतलं पोर करेल. कोणीही मशीनची “कपॅसिटी” सांगितली की आधी विचारा तेवढा कच्चा माल कुठून येणार, आणि टेम्पोचं भाडं कोण देणार, कारण सोडण वजनाला हलकं आणि जागेला मोठं, टेम्पो भरतो पण माल होत नाही.

तिसरं, भाव. ते काथ्या २८ रुपये किलोने घेणार होते. मी आमच्या व्यापाऱ्याला विचारलं होतं, तो म्हणाला १६ देतो. मला आनंद झाला की बघा, १२ रुपये जास्त. जो माणूस १६ ची वस्तू २८ ला घेतोय तो ती कुठे विकणार आणि कितीला, हे विचारायला पाहिजे होतं. ते काथ्यातून कमवतच नव्हते. पुढच्या बाईने भरलेल्या डिपॉझिटमधून मागच्या बाईचा लॉट घेत होते.

पण पहिले दोन लॉट घेतले ना त्यांनी. डिसेंबरात ३३० किलो, ९,२४० रुपये, आठ दिवसांत खात्यात. जानेवारीत ४२० किलो, ११,७६०, तेही वेळेवर. मग सांगा कोणाला संशय येईल? उलट मीच अजून दोघींना तिकडे पाठवलं. त्यांच्या समोर जायची हिंमत अजून होत नाही. तिसरा लॉट ६१० किलोचा, तो परत आला, वर “ओलावा जास्त” म्हणून परतीचं भाडं पण माझ्याकडूनच. किती ओलावा चालतो विचारलं तर म्हणे करार बघा. करारात लिहिलंय, “माल कंपनीच्या गुणवत्ता निकषांनुसार स्वीकारला जाईल.” एक आकडा नाही! ना ओलाव्याचा, ना धाग्याच्या लांबीचा. ज्या करारात “निकष” शब्द आहे आणि आकडा नाही, तिथे सही करू नका.

मग कोकोपीटचे ब्लॉक पाठवले, तर ईसी जास्त, म्हणजे क्षार जास्त. किनाऱ्यावरच्या सोडणात मीठ असणारच, गोड्या पाण्याने भुसा दोन-तीनदा धुवावा लागतो, काही पिकांसाठी कॅल्शियम नायट्रेटची ट्रीटमेंट करावी लागते, ईसी ०.५ च्या खाली आणावा लागतो तेव्हा चांगला भाव मिळतो. हे मला नंतर कळलं, एका नर्सरीवाल्या दादांकडून, फुकट. ११,८०० च्या ट्रेनिंगमध्ये पाणी हा शब्द आला नाही. करारावर साडेसातची मोटर आहे, आली पाच एचपीची, ओलं सोडण घातलं की अडकते आणि सुकं घातलं की धागा तुटतो. तीन बायका १२ दिवस माझ्याकडे राबल्या, ३५० रोजाने १२,६०० झाले, ते मी घरातून दिले, वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. त्यांचा काय दोष.

सबसिडीचं पण सांगते, कारण सगळ्या बायका तिथेच अडकतात. ब्रोशरवर कॉयर बोर्डचा लोगो होता आणि “३५ टक्के सबसिडी, आधी मशीन घ्या मग फाइल करू” असं सांगत होते. कॉयर बोर्ड खरं आहे, केंद्र सरकारचं, १९५३ च्या कायद्याने झालेलं, मुख्यालय कोचीला, केरळात कलवूरला त्यांची संशोधन संस्था आहे, ट्रेनिंग देतात. लोगो कोणीही छापतं. मी एक फोन केला असता तर. आणि पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) ग्रामीण बाईला ३५ टक्के मिळतात हेही खरं, पण ते बँकेच्या कर्जाबरोबर आणि नवीन युनिटलाच मिळतात, स्वतःच्या पैशाने आधीच मशीन घेऊन बसलात की संपलं. अर्ज ऑनलाइन असतो, त्याला फी नाही, कोणी “फाइल चार्ज” मागितला की उठून चालू लागा. बाईला स्वतःचे घालायचे असतात ५ टक्के, म्हणजे माझ्या मशीनला २३,६००. मी पूर्ण ४,७२,००० मोजले.

आता पोलीस. पहिल्यांदा गेले तर साहेब म्हणाले, मशीन मिळालं ना तुम्हाला, करार आहे ना, मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा. दुसऱ्यांदा म्हणाले कंपनी तिकडची, तिकडच्या ठाण्यात जा. आम्ही दोघं पहाटेच्या एसटीने तिकडे गेलो, तर तिथले म्हणतात पैसे तुम्ही कुठून पाठवलेत, गावाहून ना, मग तिकडेच गुन्हा दाखल होईल. सात तास बसवलं. एकजण हसत म्हणाला, “ओ बाई, लोभ कशाला करायचा?” लोभ? परसातलं सोडण विकून महिन्याला दहा-बारा हजार मिळवायचे हा लोभ? ज्याने शंभर बायकांना रिकामी फरशी दाखवली त्याला कोणी असं विचारलं का? त्याचं ऑफिस त्या ठाण्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, तोपर्यंत उघडंच होतं, बोर्डासकट, मी स्वतः बघून आले आणि परत येऊन सांगितलं, तरी कोणी उठलं नाही! तिसऱ्यांदा साधा अर्ज घेतला, शिक्का मारून दिला, गुन्हा नाही. नंतर वकिलांनी सांगितलं की नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, हद्द कुठलीही असो दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची, नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं आणि मग मॅजिस्ट्रेटकडे जायचं. हे मला ठाण्यात चार चकरा मारताना एकाने तरी सांगायचं. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तर तिथे नोंद घेतली, पण पैसे जाऊन चार महिने झाले होते. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, तासाभरात, खातं गोठवता येतं.

बँकेत वेगळंच. डिपॉझिटच्या बदल्यात त्यांनी मला ५०,००० चा चेक दिला होता, ५ जानेवारी २०२५ तारखेचा. मी टाकायला निघाले की त्यांचा फोन, “ताई, ह्या आठवड्यात नको, पेमेंट अडकलंय.” असं करत ९ एप्रिल उजाडला. काउंटरवरच्या मॅडमनी चेक बघून परत सरकवला, तीन महिने होऊन गेले, आता हा नुसता कागद आहे. वेळेत टाकून बाऊन्स झाला असता तर ३० दिवसांत नोटीस देऊन १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस लागली असती. त्यांना हे पाठ होतं, म्हणूनच गोड बोलून चार दिवस जास्त काढले. कोणी चेक दिला आणि टाकू नका म्हणाला तर त्याच दिवशी टाका.

ग्राहक आयोगात पण क्लार्क आधी म्हणाला व्यवसायासाठी घेतलेलं इथे चालत नाही. चालतं. स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरायला घेतलं असेल तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही ग्राहकच आहात, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मला २०० रुपये फी पडली, आजपर्यंतच्या सगळ्या खर्चात योग्य जागी गेलेले तेवढेच.

मशीन विकायला काढलं, भंगारवाला ४१,००० म्हणतो, केस आहे म्हणून देता येत नाही. ६१० किलो काथ्यापैकी थोडा नर्सरीवाल्या दादांनी नेला. भुसा मात्र वाया घालवत नाहीये. एक टन भुशाला पाच किलो युरिया आणि धिंगरी अळंब्याच्या बियाण्याच्या पाच बाटल्या, थर देऊन, ओलावा धरून महिनाभर ठेवला की काळं खत होतं. सासूबाई आणि मी दोघी करतोय, कुणाच्या मशीनशिवाय. पहिल्या ढिगाचं खत आमच्याच माडांना घातलं.

आतापर्यंत आम्ही सातजणी एकत्र आलोय, करार सगळ्यांचा तोच, वाक्य तेच. तुमच्याकडे तसा करार असेल तर मूळ प्रत कोणाला देऊ नका, “रिन्यू करायला पाठवा” असा फोन येतोय सध्या, दोघींनी पाठवला आणि आता त्यांच्याकडे झेरॉक्स पण नाही. फोनवरचं बोलणं, यूपीआयच्या पावत्या, परत आलेल्या लॉटची बिल्टी (वाहतुकीची पावती) सगळं ठेवा. आणि युनिट बघायला नेलं असेल तर तेव्हाचे फोटो शोधा, पायाखालची फरशी दिसतेय का बघा. माझ्या व्हिडिओत १४ व्या सेकंदाला दिसते, तो मी पेनड्राइव्हमध्ये आयोगात दिलाय.