पन्नाशीत जपानी शिकायला जपानला: तीन महिने, लँग्वेज स्कूल की विद्यापीठाचा बेक्का?

वयाचा प्रश्न आधीच निकालात काढते, कारण तोच सगळ्यांच्या ओठांवर असतो. जपानच्या इमिग्रेशन कायद्यात ‘र्‍युगाकु’ला, म्हणजे विद्यार्थी म्हणून राहण्याच्या परवान्याला, कमाल वयाची अट नाही. पंचेचाळीस असो, साठ असो, अर्ज करता येतो.

पण कायद्यात अट नाही म्हणून रस्ता मोकळा आहे असं मात्र नाही. तुमचा अर्ज इमिग्रेशनकडे सहसा शाळाच भरते. अर्ज नामंजूर झाले किंवा विद्यार्थी मुदत संपूनही राहिले, तर डाग शाळेच्या नावावर लागतो. म्हणून काही शाळा तिशीपुढच्यांना आडूनआडून नकार देतात. वेबसाइटवर तसं काही लिहिलेलं नसतं, फक्त उत्तर येत नाही. थोडक्यात, पहिला दरवाजा शाळेचा, दुसरा इमिग्रेशनचा. वकिलातीचा तिसरा, आणि पहिले दोन उघडले की तिथे फारसं अडत नाही.

मी दोन वाटांनी गेले. आधी तीन महिन्यांच्या कोर्सला, आणि दोन वर्षांनी विद्यार्थी व्हिसावर. तिसऱ्या वाटेची, बेक्काची, म्हणजे विद्यापीठाला जोडलेल्या भाषावर्गाची, माहिती काढली आणि सोडून दिली. या तिन्ही वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहू.

नव्वद दिवस

अल्पमुदतीच्या वास्तव्यात छोटा अभ्यासक्रम करायला हरकत नसते. अनेक लँग्वेज स्कूल दोन आठवड्यांपासून बारा आठवड्यांपर्यंतचे कोर्स चालवतात आणि तिथे वयाबद्दल कुणी भुवई उंचावत नाही. माझ्या वर्गात सत्तरीचे एक निवृत्त गृहस्थ होते, रोज सगळ्यांच्या आधी येऊन फळा पुसून ठेवायचे. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचा, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. ‘जास्तीत जास्त’ हे दोन शब्द नीट वाचा. व्हिसा हातात पडण्याआधी बारा आठवड्यांची फी भरून मोकळं होऊ नका. आणि आपण कोर्स करणार आहोत हे अर्जात सरळ सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

काम करता येत नाही, एक तासही नाही. सरकारी आरोग्य विमा नाही, म्हणजे दवाखान्याचं सगळं बिल आपलं. रक्तदाब, मधुमेह असेल तर प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, ते बघून घ्या. आणि एक गैरसमज: तिथे गेल्यावर पर्यटकाचा विद्यार्थी करून घेता येईल, असं नाही. अपवादात्मक कारण असल्याशिवाय हा बदल होत नाही. परत यायचं, रीतसर अर्ज करायचा.

लँग्वेज स्कूल आणि विद्यार्थी व्हिसा

वर्षात चार प्रवेश: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. एप्रिलमध्ये शिरलात तर दोन वर्षं मिळू शकतात. पुढच्या सत्रांत तीन-तीन महिने कमी होत जातात, जानेवारीवाल्याला सव्वा वर्ष. लँग्वेज स्कूलमध्ये एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही. एप्रिलसाठी कागद आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळेकडे जायला हवेत, निकाल फेब्रुवारीच्या अखेरीस. हाती येतं ते ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’, म्हणजे इमिग्रेशनचा पात्रतेचा दाखला. सगळे त्याला सीओईच म्हणतात. ते तीन महिने चालतं आणि २०२३ पासून ईमेलवरही मिळतं. ते घेऊन मग वकिलातीत व्हिसा.

आता खरी गोष्ट, कागदांची. शाळा साधारण १५० तास जपानी शिकल्याचा दाखला किंवा जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५, म्हणजे सगळ्यांत खालची, पातळी मागते. ते होऊन जातं. पन्नाशीच्या माणसाची फाइल अडते ती ‘शिकायला का जायचंय’ या पानावर.

माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात होती: ‘मला लहानपणापासून जपानी संस्कृतीची ओढ आहे.’ शाळेतल्या बाईंनी त्या ओळीभोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलं, ‘मग तीस वर्षं काय केलंत?’ चिडले होते. पण प्रश्न बरोबर होता, आणि इमिग्रेशनचा अधिकारीही तोच विचारणार होता. वीस वर्षांच्या मुलाला ‘पुढे विद्यापीठात जायचंय’ एवढं पुरतं. आपल्याला आत्ताच का, तिथेच का, घरी बसून का नाही, आणि परत येऊन काय, अशी चारही उत्तरं द्यावी लागतात. दुसऱ्या मसुद्यात ओढबीढ काढून टाकली. लिहिलं की मी यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीवरून मराठीत आणते, मूळ जपानी असतं, ते वाचता येत नाही म्हणून अमुक ठिकाणी चुका राहतात. वर्षभरात एन३, म्हणजे मधली पातळी, गाठायचं आहे, परत येऊन हेच काम करणार आहे. सोबत आधीच्या तीन महिन्यांच्या कोर्सचा दाखला आणि हजेरीपत्रक. त्या हजेरीपत्रकाचा उपयोग झाला असं मला वाटतं. नुसत्या शब्दांपेक्षा आधी येऊन, शिकून, वेळेत परत गेलेला माणूस जास्त पटतो.

शाळेच्या पहिलीपासून आजपर्यंतचा हिशेबही द्यावा लागतो, मधे रिकामी जागा चालत नाही. मुलं लहान असताना नऊ वर्षं घरी होते, तसंच लिहिलं. ‘फ्रीलान्स’ वगैरे मुलामा दिला नाही. पुरावा मागितला असता तर कुठून आणला असता?

पैशाच्या बाबतीत मात्र वय आपल्या बाजूनं असतं. तरुण मुलं आईवडिलांचं खातं दाखवतात, आपण आपलं दाखवतो. शाळांची वार्षिक फी साधारण सात ते नऊ लाख येन, राहणं-खाणं वेगळं, म्हणून शिल्लक भरघोस हवी. आणि ती कशी साठली हेही दाखवायचं असतं. अर्जाआधी महिनाभर एकदम मोठी रक्कम जमा झाली की शंका येते. निवृत्तिवेतनाचे कागद, जुनी पासबुकं, कराचे दाखले लावा. फी बहुधा सीओई आल्यावर घेतात. व्हिसा नाकारला तर शिकवणीची रक्कम सहसा परत मिळते, अर्जाचे आणि प्रवेशाचे पैसे सहसा नाही. हे लेखी घ्या.

तिथे पोचल्यावर रोजचं जगणं कसं? आठवड्याला पंचेचाळीस मिनिटांचे वीस तास, अर्धा दिवस वर्ग, वर्गात जास्तीत जास्त वीसजण. सकाळी आल्या आल्या कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांची, चाचणी. चिनी मुलं उत्तरपत्रिका देऊन मोकळी व्हायची तेव्हा माझं पाचवं अक्षर चालू असायचं. नेहमीच्या वापरातल्या कांजी २१३६ आहेत आणि चाळिशीनंतर त्या डोक्यात टिकायला जड जातात, हे मान्य करून टाका. व्याकरणात मात्र ‘वाताशी वा तोक्यो ए इकिमासु’ म्हणजे ‘मी तोक्योला जाते’, शब्दामागून शब्द त्याच क्रमानं. ‘ला’च्या जागी ‘ए’, क्रियापद शेवटी. युरोपातून आलेले तिथे घामाघूम होतात, आपण चहा पितो.

माझ्या मते पन्नाशीच्या माणसानं वयापेक्षा जास्त भ्यावं ते हजेरीला. महिन्याची हजेरी निम्म्याखाली गेली की शाळेला इमिग्रेशनला कळवावं लागतं, आणि परवाना वाढवताना ८० टक्क्यांच्या आसपास रेष धरली जाते. विशीतल्या मुलाला हे सोपं आहे. आपल्या घरी ऐंशीची आई असते. माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा मी तेरा दिवस घरी आले. तेवढे वर्ग बुडाले ते बुडालेच, कारण कितीही खरं असो. मागे कुणी सांभाळणारं नसेल तर दोन वर्षांचा अर्ज करू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

आणि जोडीदार? लँग्वेज स्कूलच्या विद्यार्थ्याला कुटुंबीयांसाठी आश्रित व्हिसा मिळत नाही. नवरा-बायको दोघांनी जायचं तर दोघांनीही विद्यार्थी व्हायचं, किंवा एकानं पाहुणा म्हणून येऊन जायचं.

बाकीचं पटकन. विमानतळावर रेसिडेन्स कार्ड, चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा. दवाखान्याचा ७० टक्के खर्च विमा उचलतो, ३० टक्के आपण. साठ वर्षं पूर्ण नसतील तर राष्ट्रीय पेन्शनमध्येही नाव घालावं लागतं. उत्पन्न नसेल तर हप्त्यातून सूट मागता येते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. वसतिगृहात खोली दोघांत-तिघांत वाटून घ्यावी लागते आणि खोलीतल्या मैत्रिणी मुलीच्या वयाच्या. रात्री दोनला नूडल्सचा वास सोसेल का, ते स्वतःला विचारा.

बेक्का

विद्यापीठांना जोडलेले भाषावर्ग, केइओ विद्यापीठाचा बेक्का त्यातला नावाजलेला. व्हिसा तोच, विद्यार्थ्याचा. प्रवेश चारऐवजी बहुधा दोनदा, वसंतात आणि शरदात. ग्रंथालय मिळतं, लेखन-वाचनावर भर असतो, बाजारात भाजी घेताना लागणारं बोलणं कमी. पदवी हातात असलेल्या, संशोधन किंवा अनुवाद करणाऱ्या माणसाला हा पर्याय शोभतो, आणि ‘का’च्या पानावर कारणही जास्त वजनदार दिसतं. मी सोडला कारण मला सुरुवात खूप खालून करायची होती.

चहासमारंभ किंवा इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिकण्यासाठी ‘सांस्कृतिक उपक्रम’ नावाचा वेगळा परवाना आहे. नुसती भाषा शिकायला तो लागू नाही, तरी कुणीतरी हमखास सुचवतं.

मग कुणी काय निवडावं

नोकरीतून तीन महिन्यांपेक्षा जास्त सुटका नाही, घरी वयस्कर माणसं आहेत, किंवा जपानमध्ये राहणं झेपेल का हेच ठाऊक नाही: नव्वद दिवस. तेवढ्यात भाषा बोलण्याइतकी येते, पण अडखळत. निवृत्त आहात, दहा-बारा महिने खरोखर मोकळे आहात, कारण तीन वाक्यांत सांगता येतं: लँग्वेज स्कूल, आणि दोन नव्हे, एकच वर्ष धरा. दोन्हीच्या मधे अडकला असाल तर मी केलं तसं करा, आधी छोटा कोर्स, मग मोठा अर्ज.

शाळांना मेल करताना वय लपवू नका, पहिल्याच ओळीत लिहा. मी सात शाळांना लिहिलं. चौघींचं उत्तर आलं नाही. दोघींनी ‘या सत्रात जागा नाही’ म्हणून कळवलं. सातवीनं विचारलं, सकाळचा वर्ग हवा की दुपारचा?