क्लेम अडकलाय? मग असा फोन तुम्हालाही येऊ शकतो

मोटर इन्शुरन्सचा क्लेम लटकलेला असेल तर हे वाचाच. माझे 18,880 रुपये गेलेत, राग अजून उतरलेला नाही आणि घरी सांगायची सुद्धा लाज वाटत होती.

गाडी पुढून ठोकली गेली. बंपर, हेडलाइट, रेडिएटर, गॅरेजचं एस्टिमेट 86,400. नुकसान तपासणारा सर्वेयर आला, फोटो काढून गेला आणि तिथून सगळं ठप्प. कंपनी म्हणते रिपोर्ट आलेला नाही, सर्वेयर म्हणतो मी कधीच पाठवला, गॅरेजवाला म्हणतो अप्रूव्हल आल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही.

अशात फोन आला, "क्लेम सेटलमेंट विभागातून बोलतोय." ओटीपी वगैरे मी कुणाला देत नाही, पण या माणसाला माझा क्लेम नंबर, गाडी नंबर, एस्टिमेटचा आकडा, एवढंच काय सर्वेयरचं नाव पण माहीत होतं. कोणीही विश्वास ठेवला असता! फाइल री-ओपन करायला 4,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,720 भरले, व्हॉट्सअॅपवर पावती पण आली. मग "सिक्युरिटी डिपॉझिट, क्लेमबरोबर परत मिळेल" म्हणून 14,160.

हे दुसरे पैसे पाठवताना यूपीआयच्या स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं, साधं पर्सनल खातं. तिथे माझा अंगठा थांबला होता. विचारलं तर म्हणतो, "सर ते कॅशियर मॅडमचं आहे, कंपनीचा क्यूआर डाऊन आहे, पाचच्या आत भरा नाहीतर फाइल क्लोज होईल." आणि मी पिन टाकला. तो थांबलेला अंगठा आठवला की झोप उडते. पण गाडी गॅरेजात आणि रोज रिक्षाला पैसे, अशा वेळी माणूस वैतागून काय करणार सांगा. क्लेम पास करायला कंपनी ग्राहकाकडून कधीच पैसे मागत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

असं फसलात तर 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मी केला तोवर खातं रिकामं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला आणि "बघू" म्हणाले. कंपनीचं तर विचारूच नका, तो आमचा माणूस नाही एवढं एकच वाक्य, मग माझी फाइल बाहेर गेली कुठून? याचं उत्तर कोणीच देत नाही, आणि विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या 2024 च्या सर्क्युलरप्रमाणे 24 तासात सर्वेयर नेमायचा, त्याने 15 दिवसात रिपोर्ट द्यायचा, रिपोर्ट मिळाल्यावर 7 दिवसात कंपनीने निर्णय कळवायचा. हे पाळलं असतं तर त्या चोराला फोन करायला जागाच उरली नसती.

सर्वेयरने रिपोर्ट पाठवला म्हटलं की त्याची तारीख लेखी मागा, मग कंपनीला टोलवता येत नाही. कंपनीकडे तक्रार ईमेलनेच करा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, फी लागत नाही, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर पण तक्रार टाका, किंवा 155255 वर फोन करा.

आणि पॉलिसी घेताना स्वस्त प्रीमियम, एजंटची गोड बोलणी यावर जाऊ नका. गॅरेजच्या बॉडीशॉपमध्ये क्लेम बघणारा माणूस असतो त्याला विचारा कुठल्या कंपनीचं अप्रूव्हल लवकर येतं. रोज त्यांच्याशी डोकं लावणारा तोच असतो, खरं तोच सांगेल.