गच्चीवरच्या कुंड्यांसाठी ठिबकचा संच : लातूरच्या एका उन्हाळ्याचा अनुभव

मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आलं, तेव्हापासून झाडांना पाइप लावला की उगाच अपराधी वाटतं. पण मोगरा, जास्वंद, कढीपत्ता धरून ३६ कुंड्या आहेत, त्या काही टाकवत नाहीत. गेल्या मार्चमध्ये मोजून बघितलं. पाइपनं १५ लिटरची बादली ४० सेकंदांत भरते आणि मी बारा मिनिटं पाणी घालते. म्हणजे २७० लिटर! त्यातलं कितीतरी कुंडीखालून वाहून गच्चीच्या पन्हाळीत.

म्हणून हा संच मागवला, ११५० रुपयांना. १६ मिमीची मुख्य नळी, बारीक नळ्या, ड्रिपर (कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या), फिल्टर. जोडायला अर्धा दिवस गेला. बारीक नळीचं टोक गरम पाण्यात बुडवलं की झटकन बसतं.

खोक्यावर 'ताशी ४ लिटर' लिहिलंय, त्यावर जाऊ नका. मी पाण्याचा बॅरल स्टुलावर ठेवून त्याला नळी जोडली होती. पहिल्या ड्रिपरखाली फुलपात्र भरलं, तोवर शेवटच्या ड्रिपरखालच्या फुलपात्राचा तळही झाकला नव्हता. कृषी सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, "काकू, दाबच नाही तर ड्रिपर काय करणार? बॅरल उंच न्या, अन् नळीचे दोन भाग करा." बॅरल जिन्याच्या टॉवरवर टाकीशेजारी चढवला, दोन कॉक लावले. आता सगळीकडे तासाला पावणेदोन लिटरच्या आसपास पडतं. दीड तास सोडते, ९५ लिटर होतात. दोनशेचा बॅरल दोन दिवस पुरतो. टाकीला थेट जोडलं नाही ते मुद्दाम. कॉक बंद करायला विसरले तरी जाईल ते बॅरलभर.

पहाटे साडेपाचलाच सोडते. मे महिन्यात दुपारी त्या काळ्या नळीतून चहाला चालेल असं पाणी येतं.

कुरबुरी आहेत. आमच्या बोअरच्या क्षारांनी महिन्याभरात सहा ड्रिपर तुंबले. रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले, चार सुटले. खारीनं दोन ठिकाणी नळी कुरतडली. आणि नुसत्या ठिबकनं भागत नाही, वरची माती उघडी असली की दुपारपर्यंत भेगा. मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणते, फुकट. कडक वाळवून, तुकडे करून पसरायची, नाहीतर मुंग्यांची जत्रा. त्याखाली संध्याकाळी बोट घातलं तरी वाफसा लागतो.

संचाला पाचपैकी चार. ठरल्या वेळी आपोआप पाणी सोडायला म्हणून सोबत घेतलेल्या १८०० च्या टायमरला मात्र शून्य. त्याचा व्हॉल्व्ह उघडायलाच नळाचा दाब लागतो, बॅरलवर तो नुसता 'टक' करतो. हे खोक्यावर कुठंही लिहिलेलं नाही, आणि परतही घेत नाहीत. बॅरलवर चालवायचा तर बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे दाबाशिवायही उघडणारा, टायमर मागा. माझा नवाकोरा पडून आहे. कुणाच्या नळाला चांगला दाब असेल तर अर्ध्या किमतीत देते.