डीडीपीवाय ॲप : घेतले जेक रॉबर्ट्समुळे, ठेवले पाठीमुळे

नव्वदच्या दशकात ज्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) ट्रम्प कार्डांवरील छातीचे आणि दंडाचे आकडे पाठ केले, त्यांना अजगराची पिशवी खांद्यावर टाकून येणारा जेक ‘द स्नेक’ रॉबर्ट्स आणि तोंडात काडी धरून मिजाशीत चालणारा रेझर रॅमोन, म्हणजे स्कॉट हॉल, यांची ओळख करून द्यायला नको. पुढे हे दोघेही व्यसनांत बुडाले. रॉबर्ट्सला दारूबरोबर कोकेननेही ग्रासले होते. माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर मात्र कुस्तीचा नाही (ती ठरवून केलेली असते, हे आम्हांला फार उशिरा कळले). तो २०१२ नंतरचा आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचा जुना सहकारी डायमंड डॅलस पेज याने रॉबर्ट्सला अटलांटा परिसरातील आपल्या घरी राहायला बोलावले, पुढे हॉललाही आणले, आणि स्वतः आखलेला व्यायाम त्यांच्याकडून रोज करवून घेतला. डीडीपीवाय, म्हणजे डायमंड डॅलस पेजचा योग, हे ॲप म्हणजे तोच व्यायाम.

पेजची पाठ १९९८ मध्ये कामातून गेली होती. योगासनांच्या आधाराने तो उभा राहिला आणि १९९९ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कुस्ती कंपनीचा विश्वविजेता झाला. त्याच्या पद्धतीत आसने, संथ गतीने मोजून घातलेले जोर आणि हालचाल करताना स्नायू मुद्दाम ताणून धरणे यांची सांगड आहे. त्यामुळे एकही वजन न उचलता पंधराव्या मिनिटाला अंगरखा भिजतो. छातीला पट्टा बांधल्यास हृदयाचे ठोकेही पडद्यावर दिसतात. बालासनाला ‘सेफ्टी झोन’ आणि वीरभद्रासनाला ‘रोड वॉरिअर’ म्हटलेले ऐकून भारतीय कानांना प्रथम हसू येते. प्राणायामाची अपेक्षा ठेवून हे घेऊ नये. चार महिन्यांत माझी कंबर मोकळी झाली, वजन मात्र जेमतेम दोन किलोंनी उतरले.

तरीही या ॲपमुळे व्यसन सुटेल, असे कोणी समजू नये. रॉबर्ट्स पेजच्या घरी राहत असतानाही घसरला होता. तेव्हा त्याला सावरले ते जोरांनी नव्हे, तर एकाच छताखाली राहून जाब विचारणाऱ्या, रागावणाऱ्या आणि तरीही घराबाहेर न काढणाऱ्या मित्राने. आणि असा मित्र कोणत्याही वर्गणीत मिळत नाही. एप्रिल २०१४ मध्ये न्यू ऑर्लीन्सला रॉबर्ट्स आणि हॉल एकाच रात्री डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. हॉल मार्च २०२२ मध्ये, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत, वयाच्या ६३व्या वर्षी गेला. त्या बातमीनंतर त्या दोघांनी केलेला तोच व्यायाम करताना मला काही दिवस अवघडल्यासारखे झाले, हे मान्य करतो.

वर्गणी डॉलरमध्ये असल्याने रुपयांत ती हलकी वाटत नाही, आणि सूचना अस्सल अमेरिकी उच्चारांत असल्याने पहिला आठवडा पडद्याकडे पाहण्यातच जातो. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही, त्यांच्यासाठी खुर्चीवरचे आणि अंथरुणावरचे वेगळे व्यायाम आहेत, आणि माझ्या मते ॲपमधील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. माझे ७१ वर्षांचे वडील खुर्चीवरचा व्यायाम आठवड्यातून चारदा करतात. शेवटी हातांचा हिरा करून पेजसारखे ‘बँग’ म्हणायला मात्र ते अजून तयार नाहीत.