कृष्णेच्या पुरासाठी कुठे बघायचं: प्रशांत की हिंदी महासागर?

एल निनो म्हणजे दुष्काळ, ला निना म्हणजे पूर, हे समीकरण आपल्याकडे पाठ झालंय. विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की एल निनो, थंडावलं की ला निना. प्रशांत महासागराच्या या संकेताचा फायदा म्हणजे तो काही महिने आधी दिसतो. पण 1997 साली एल निनो प्रचंड तीव्र असूनही देशात मान्सून सरासरीच्या आसपास राहिला.

इथे दुसरा दावेदार येतो: हिंदी महासागर द्विध्रुव. पश्चिमेकडचं पाणी तापलं आणि इंडोनेशियाकडचं थंडावलं, की तो धन होतो. मान्सूनला सहसा बळ मिळतं. 1997 मध्ये तो धन होता. 2019 मध्येही, तोही जबरदस्त. त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं. घरचा समुद्र म्हणून माझा कल याच्याकडे. मात्र त्याचा अंदाज लवकर बांधता येत नाही.

आणि जुलै 2021? द्विध्रुव ऋण, म्हणजे उलटा; प्रशांत तटस्थ, म्हणजे ना एल निनो, ना ला निना. तरी महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलीमीटर पाऊस झाला नि कृष्णा पात्राबाहेर आली. दोन्ही संकेत हंगामाचा कल सांगतात. घाटावर चार दिवस ढग अडकणार का, हे त्यांना विचारू नये. त्यासाठी आठवड्याचा अंदाज आणि कोयनेतला साठा बघावा.